उन्हाळ्यापर्यंत तग धर

५ जानेवारी २००९, सोमवार

दर ख्रिसमसला सिमेंटवाले आम्हाला एक जाडजूड डायरी देतात. दिवसाला एक पान. आजवर ही पानं मला पुरायची नाहीत. कुठल्या साइटवर किती विटा उतरल्या, रेतीचा ट्रक कुणी परत पाठवला, कुठला गवंडी तापाने झोपलाय, सगळं कोंबून लिहावं लागायचं. आज दुपारपर्यंत पान कोरं होतं. एकही ट्रक आला नाही. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा पैसे मागणाऱ्यांचा. म्हटलं, कोरं सोडण्यापेक्षा मनातलं लिहावं. वाचणार कोण आहे?

‘टिअरनन बंधू’ ही कंपनी बाबांनी आणि काकांनी काढली. आता बंधू एकच उरलाय, माझा धाकटा भाऊ फर्गल. आणि मी ऊना, ऑफिस सांभाळणारी, बिनलग्नाची. गाव म्हणतं, हिचं लग्न कंपनीशीच लागलंय. आमच्या ड्रमकॅशल गावाची शाळा आम्ही बांधली, दवाखाना आम्ही बांधला, चर्चचं छप्पर आमचं. आणि गावाबाहेरची ‘ॲबी मेडोज’ ही वसाहतही आमचीच. नावात मठही आहे आणि कुरणही, जागेवर मात्र चिखल आहे. सव्वीस घरांपैकी पाच विकली गेली. बाकीची कुठे बिनछपराची, कुठे बिनखिडक्यांची तशीच उभी आहेत. दोन वर्षांपूर्वी लोक नकाशावर बोट ठेवून घर घेत होते. गेल्या पानगळीत आयर्लंडातल्या बँका गडगडल्या आणि नकाशावरची बोटं निघून गेली.

फर्गल सकाळी आला आणि ओव्हरकोट न काढताच खिडकीशी उभा राहिला. काही आलं का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, थंडी आलीय. तो “हं” म्हणाला. अकरा वाजता मी दिलेला चहा दुपारी तसाच टेबलावर होता.

९ जानेवारी, शुक्रवार

आज माणसं कमी करायची होती. एके काळी आमच्याकडे चाळीसएक होती, आता अकरा उरलीत. त्यातली पाच काढायची असं फर्गलने ठरवलं होतं. काल मी त्याला म्हटलं, काढू नकोस, सगळ्यांनाच आठवड्यात तीन दिवस काम दे. उरलेल्या दिवसांचा भत्ता सरकार देतं. माणसं हातची गेली की पुन्हा मिळत नाहीत.

सगळे आवारात गोळा झाले. फर्गल हातातल्या कागदाकडे बघत राहिला. शेवटी पॅकी लॅव्हिन पुढे झाला. पॅकी आमचा मुकादम, बाबांच्या वेळेपासूनचा, साठी ओलांडलेला.

“तीन दिवस मालकाचे, दोन दिवस सरकारचे, दोन दिवस बायकोच्या कटकटीचे,” तो म्हणाला. “कुणाला जमणार नसेल तर आत्ताच बोला.”

मग वाल्देकने हात वर केला. वाल्देक पोलंडचा, गिलाव्यात त्याचा हात धरणारा या जिल्ह्यात नाही. तो म्हणाला, तसंही बायको मुलं तिकडेच आहेत, मी परत जातो, माझे तीन दिवस यांच्यात वाटून टाका. मग त्याने सगळ्यांशी हात मिळवला. सर्वात शेवटी फर्गलशी.

त्यानंतर फर्गल शेडमागे गेला तो बराच वेळ आलाच नाही. बहुतेक सिगरेट पुन्हा सुरू केलीय. फिडेल्माला कळलं तर खैर नाही. फिडेल्मा म्हणजे त्याची बायको.

२७ जानेवारी, मंगळवार

फर्गल आणि मी बँकेत गेलो होतो. जुना मॅनेजर आमच्याकडे रविवारी जेवायला यायचा. वसाहतीशेजारचं दुसरं शेत विकत घ्या म्हणून फर्गलच्या मागे त्यानेच लकडा लावला होता. त्याला म्हणे मुदतीआधीच निवृत्त केलं. आता डब्लिनहून हॅनन नावाचा गृहस्थ आलाय. गावाचं नावसुद्धा त्याला धड घेता येत नाही. आवाज मात्र मऊ, एखाद्या अंत्यविधीच्या व्यवस्थापकासारखा. त्याने आठवण करून दिली की कंपनीच्या कर्जाला फर्गलचं राहतं घरही तारण आहे.

ही तारणाची गोष्ट फिडेल्माला ठाऊक नाही, असं फर्गल नंतर म्हणाला. मी म्हटलं, बरं केलंस, बिचारी उगाच धास्तावेल.

परतीच्या वाटेवर गाडीत तो म्हणाला, “ऊना, आपण थांबलो तर?”

मला वाटलं चहाला थांबायचं म्हणतोय.

“बंद केलं तर, म्हणतोय मी. आत्ताच, देणी अजून आवाक्यात आहेत तोवर.”

मी त्याला बाबांची आठवण करून दिली. ऐंशीच्या दशकात दोन वर्षं गावात एक भिंत उभी राहिली नव्हती. बाबांनी थडग्यांचे कठडे बांधले, गोठ्यांना चुना मारला, पण दारावरची पाटी उतरवली नाही. मी म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत तग धर. उन्हाळ्यात सगळं मार्गी लागेल. तो मान डोलावत राहिला. मला वाटतं, एवढाच धीर कुणीतरी द्यायला हवा होता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चांगली बातमी. घरं उबदार करायला सरकार अनुदान देणार आहे. पोटमाळ्यात लोकर भरायची, भिंतींच्या पोकळीत फेस भरायचा, फटी बुजवायच्या. गेले काही दिवस मी फोनला चिकटून आहे. चर्चच्या फलकावर, किराणा दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे चिठ्ठ्या लावल्या. आठवड्याभरात सात घरं मिळाली. पॅकी म्हणतो, आयुष्यभर घरं बांधली, आता त्यांना स्वेटर घालतोय.

बाबा असते तर पाठ थोपटली असती.

फिडेल्माचा फोन आला होता. फर्गल घरी येतो, पण गाडीतून उतरत नाही. इंजिन बंद करून अंधारात तासभर बसून राहतो. मुलींनी खिडकीतून हात केला तर त्याला दिसत नाही. मी तिला म्हटलं, तो विचार करत असतो, पुरुषांचं असंच असतं, कामात गुंतला की होईल ठीक. मोजमापाची आणखी दोन घरं मी त्याच्या वाट्याला घातली.

११ मार्च, बुधवार

ॲबी मेडोजचा सांडपाण्याचा पंप बंद पडला. चार नंबरमधली इमेल्डा गोर्मली ऑफिसात आली. ती जिल्हा रुग्णालयात परिचारिका आहे, दोन लहान मुलींना घेऊन एकटी राहते. रस्त्यावर दिवे नाहीत, शेजारच्या तीन घरांना दारं नाहीत, वारा सुटला की रात्रभर प्लास्टिक फडफडतं. मी कपाळाला आठ्या घालून तयारच बसले होते. पण तिने आवाज चढवला नाही.

“मी भांडायला आलेले नाही, मिस्टर टिअरनन,” ती म्हणाली. “मुलींना आज मी गावात मैत्रिणीकडे आंघोळ घातली. उद्याही घालीन. घराचे हप्ते म्हातारपणापर्यंत चालणारेत, मी कुठे जाणार नाही. मला एवढंच सांगा, तुम्ही असाल ना इथे?”

फर्गल जमिनीकडे बघत होता. “असेन,” तो म्हणाला.

पॅकीने एका जुन्या शेतपंपाची जोडाजोड करून तात्पुरती सोय केली. इमेल्डाने त्याला आणि फर्गलला चहा दिला. पॅकी सांगत होता, फर्गल तिच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडला. मी म्हटलं, सर्दी असेल. तिथली दुर्गंधी कुणाच्याही डोळ्यांत पाणी आणेल.

३० मार्च, सोमवार

पॅकीचं काहीतरी चाललंय. त्याची व्हॅन म्हणे बंद पडलीय. म्हणून रोज सकाळी तो चालत फर्गलच्या घरी जातो, त्याच्या गाडीतून साइटवर येतो, संध्याकाळी त्याच्याबरोबरच परततो आणि वर तिथे चहाला बसतो. फर्गल मोजमापाला निघाला की हाही टेप घेऊन मागे. दोन माणसांचं काम नाही ते. मजुरी कोण देणार?

त्यात फर्गलने त्याला बाबांची पाणसळ देऊन टाकली. बाबा भिंतींची पातळी बघायचे ती, रोझवूडची, पितळी टोकांची. मला विचारलंसुद्धा नाही. मासेमारीचे गळ खाणवाल्या मुलव्हिलच्या मुलाला दिले, चांगले बूट चर्चच्या पेटीत टाकले. माणूस मोकळा असला की कपाटं आवरतोच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पाणसळ घरात राहायला हवी होती.

पॅकीचा डोळा आमच्या खोदयंत्रावर असावा. कंपनी बुडते म्हटल्यावर माणसं आधी अवजारं बघून ठेवतात. इतक्या वर्षांचा माणूस, वाईट वाटतं.

१६ एप्रिल, गुरुवार

ईस्टर छान गेला. फर्गल सगळ्यांना घेऊन चर्चमध्ये प्रार्थनेला आला. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा मोकळा दिसला. कोकराचं मांस दोनदा वाढून घेतलं, धाकटीला पाठीवर घेऊन बागेत फिरवलं. फिडेल्मा मला हळूच म्हणाली, आता बरं झोपतो. मी मनात देवाचे आभार मानले.

या आठवड्यात त्याने छोट्यांची देणी भागवली. हार्डवेअरवाल्या बाईंची, रंगवाल्याची, टायरवाल्याची. मोठ्यांचं राहू दे, यांना उपाशी मारायचं नाही, म्हणाला. आपल्या आयुर्विम्याचे हप्ते वेळेवर जातायत ना, हेही विचारून गेला. इतकी वर्षं असल्या गोष्टी माझ्याच गळ्यात होत्या. संकटाने माणूस जबाबदार होतो म्हणायचा.

आणि आज पॅकीशी वाजलं. तो ऑफिसात आला आणि दार लोटून घेतलं.

“पुढच्या शुक्रवारी बँकेत जाणार ना तुम्ही? मला बायकोला घेऊन स्लायगोला एक्स-रेला जायचंय. त्याला एकटा सोडू नकोस, ऊना.”

“तो काय लहान मूल आहे?”

“आमचा जिमीही लहान नव्हता.”

एवढं बोलून तो टोपी चुरगळत उभा राहिला. मी म्हटलं, भावाबहिणीच्या मामल्यात मुकादमाने पडू नये. तो गेला. पॅकीचा भाऊ जिमी लॅव्हिन मी शाळेत असताना नदीत पाय घसरून गेला. त्याचा इथे काय संबंध? पॅकी म्हातारा होत चाललाय.

२४ एप्रिल, शुक्रवार

बँकेतून आत्ताच आले. वाईट ते झालं. वसाहत बँक ताब्यात घेणार, तिथे त्यांचा माणूस बसणार आणि फर्गलच्या घराबद्दल ‘पुढची पावलं’ टाकणार. मी तोच कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. फर्गल मात्र इतका शांत, की मला त्याचा अभिमान वाटला. त्याने हॅननचे आभार मानले, हात मिळवला, त्याच्या आईची तब्येतसुद्धा विचारली.

बाहेर लख्ख ऊन होतं. तो म्हणाला, तू गाडी घेऊन जा, मी जरा चालतो. मी म्हटलं, चाल, मोकळा हो. तो वळला, परत आला आणि माझ्या कपाळावर ओठ टेकवले. आम्हा टिअरननांत असलं काही नसतं. आईनेही फारतर खांद्यावर हात ठेवला असेल. मला भरून आलं. येताना बेकरीतून सफरचंदाचा केक घेतला. संध्याकाळी सगळे बसून पुढचं ठरवू.

पॅकीचा फोन येऊन गेला. फर्गल कुठंय, म्हणून. फिरायला गेलाय, म्हटलं. कुठल्या बाजूला? मी म्हटलं, मी काय त्याची दाई आहे? त्याने ताडकन फोन ठेवला. इतका उद्धटपणा मी बाबांच्या काळात पाहिला नव्हता.

खाली कुणीतरी सारखा हॉर्न वाजवतंय. पॅकीच आहे. आणि ही बंद पडलेली व्हॅन चालू कशी झाली?

५ मे, मंगळवार

आज पुन्हा डायरी उघडली.

त्या शुक्रवारी पॅकीने मला व्हॅनमध्ये बसवलं. आधी तळ्याकडे गेलो, मग ॲबी मेडोजला. शेवटच्या ओळीतल्या एका घराच्या उंबऱ्यावर फर्गलचा कोट नीट घडी करून ठेवला होता. ते पाहिलं आणि मला सगळं एकदम कळलं. कपाटं, बूट, झोप, कपाळावरचे ओठ, सगळं.

तो वरच्या खोलीत जमिनीवर बसला होता. जिवंत. काय ठरवून आला होता ते तिथे दिसत होतं. ते मी लिहिणार नाही.

पॅकी जाऊन त्याच्या शेजारी बसला, खांद्याला खांदा लावून, भिंतीला टेकून. मी दारातच थांबले.

“जा तू, पॅकी,” फर्गल म्हणाला.

“नाही जात.”

“बायकोला घ्यायचं असेल तुला.”

“ती बसने येईल. मला काही घाई नाही. तू बोल, नाहीतर गप्प बस, मी इथेच आहे.”

मग मी म्हटलं, फर्गल, यातून निघू आपण, उन्हाळ्यापर्यंत. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“तेच, ऊना,” तो म्हणाला. “जानेवारीत मी तुला म्हटलं होतं, बंद करू. तू मला बाबांचे कठडे सांगितलेस. त्यानंतर मला बंदही करता येईना आणि चालवताही येईना.”

मग तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता. पॅकीने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि मला हळूच म्हणाला, खाली जा, डॉक्टरांना फोन कर, चार नंबरमधल्या नर्सबाईला बोलाव. इमेल्डा रात्रपाळीवरून येऊन झोपली होती, ती तशीच अनवाणी धावत आली. डॉक्टर येईपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही. तुमच्या पंपाचं काय झालं हो, असं काहीबाही विचारत त्याला बोलतं ठेवत होती.

तो आता रुग्णालयात आहे. डॉक्टर म्हणाले, आजारी माणूस बोलतो ते मनाला लावून घेऊ नका. मी नाही लावून घेतलेलं. आठवलं तेवढं लिहून ठेवलं, एवढंच.

१३ मे, बुधवार

फिडेल्माला घराचं तारण सांगितलं. मीच सांगितलं. ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली.

“घर गेलं तर भाड्याने राहू,” ती म्हणाली. “माझे आईवडील आयुष्यभर भाड्याने राहिले. तुम्ही दोघांनी मला एकदा तरी विचारायचं होतंत.”

मग ती म्हणाली, आता इथे उभी राहू नकोस, गाजरं चिर.

संध्याकाळी पॅकीकडे गेले. त्याची माफी कशी मागायची ते कळेना, म्हणून जिमीबद्दल विचारलं. तो म्हणाला, पाय घसरला असं सगळं गाव म्हणालं. पाद्रीसाहेबांनीच तसं म्हणायला सांगितलं, आईसाठी. आदल्या रविवारी जिमी घरात सगळ्यांशी हसून बोलत होता, आपला नवा शर्ट त्याने मला दिला होता. तो शर्ट मी कधी घातला नाही. एवढंच बोलला आणि बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितलं.

तिचा एक्स-रे चांगला आलाय.

२० मे, बुधवार

रात्रभर विचार करून मी ठरवलं. सकाळी फिडेल्माला विचारलं. ती म्हणाली, कर. हिशेबनिसांना सांगून कंपनी बंद करायची कायदेशीर प्रक्रिया सुरू केली. पण कागद टपालाने जाऊन लोकांना कळावं हे मला बरं वाटेना. म्हणून आधी मी स्वतः दारोदार गेले. खाणवाला मुलव्हिल, लाकूडवाले, काचवाले. कुणी आत बसवलं, कुणी फाटकातूनच परत पाठवलं. मुलव्हिल माझ्या तोंडावर म्हणाला, तुझा भाऊ सोयीस्कर आजारी पडला. ते मी ऐकून घेतलं. आमच्या माणसांना पॅकीच्या घरी बोलावून सांगितलं. त्यांची मजुरी आधी निघेल, एवढं तरी कायद्यात आहे.

दुपारी रुग्णालयात गेले. फर्गल बाकावर बसला होता, दाढी केलेली.

“मी बंद केलं,” मी म्हटलं. “टिअरनन बंधू बंद झाली.”

त्याने सरकून मला बाकावर जागा केली. मग विचारलं, लोकांना कुणी सांगितलं?

“मी. घरोघर जाऊन.”

“मुलव्हिललाही?”

“त्यालाच पहिल्यांदा.”

तो हसला नाही, रडला नाही. म्हणाला, मला झोप येतेय, ऊना. खोलीत गेला आणि बुटांसकट झोपला. मी बूट काढले. घोरायला लागला तरी मी बसून होते. तो खरोखर झोपलाय की नाही, हे मला पुन्हा पुन्हा वाकून बघावंसं वाटत होतं.

१९ जून, शुक्रवार

ज्यांची देणी आहेत त्यांची सभा आज हॉटेलच्या वरच्या दालनात झाली. याच दालनात फर्गलच्या लग्नाचं जेवण झालं होतं. आजारपणामुळे त्याला न येण्याची मुभा होती, त्याच्या बाजूने मी बसणार होते. सभा सुरू व्हायच्या जरा आधी तो फिडेल्माबरोबर जिना चढून आला. सूट अंगात लोंबत होता. लोकांनी माना वळवल्या.

काही विचारायचं आहे का, असं कायदेवाल्या माणसाने म्हटल्यावर मुलव्हिल उठला. धिप्पाड माणूस, टोपी हातात धरून.

“मी दोन ड्रायव्हर काढले, फर्गल. त्यातला एक माझा पुतण्या. गेला तो ऑस्ट्रेलियाला. तुझी खडी मी तुझ्या शब्दावर पाठवत राहिलो. मार्चमध्येसुद्धा. मार्चमध्ये तुला माहीत नव्हतं?”

फर्गल उभा राहिला. टेबलाची कड त्याने घट्ट धरली होती.

“माहीत होतं,” तो म्हणाला. “मी जानेवारीतच थांबायला हवं होतं. तेव्हा थांबलो असतो तर तुला निम्मे तरी मिळाले असते. आता तेवढे मिळणार नाहीत.”

मी खुर्चीतून उठले. का थांबला नाही ते मला सांगायचं होतं.

“बस, ऊना,” तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण मी बसले. “पाटी माझ्या नावाची होती. सही माझी होती. तुझ्या पुतण्याचं मला वाईट वाटतं, ओवेन. मी इथेच राहणार आहे. रस्त्यात भेटलास तर तोंड चुकवणार नाही, एवढंच आज मी देऊ शकतो.”

मुलव्हिल उभाच होता. मग म्हणाला, तू येशील असं मला वाटलं नव्हतं. आणि बसला. त्याने माफ केलं असं मी म्हणणार नाही. सभा संपल्यावर तो आमच्याकडे न बघता जिना उतरून गेला.

खाली सँडविच ठेवली होती, कुणी हात लावत नव्हतं. फर्गलने एक उचललं आणि खाल्लं. मग हळूहळू बाकीच्यांनीही.

४ ऑक्टोबर, रविवार

पानं बरीच कोरी गेली. लिहिण्यासारखं होतं, पण वेळ नव्हता.

घर गेलं. फर्गल, फिडेल्मा आणि मुली औषधाच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत राहतात. फिडेल्मा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. पॅकीने या वयात स्वतःच्या नावाने छोटं काम सुरू केलं: पोटमाळे, गटारं, छपरांची डागडुजी. आमची दोन जुनी माणसं त्याच्याकडे आहेत आणि फर्गलही, मजुरीवर. सकाळचे फोन मी माझ्या स्वयंपाकघरातून घेते. बँकेच्या माणसाने ॲबी मेडोजची सांडपाण्याची व्यवस्था पुरी करायचं काम पॅकीलाच दिलं. उन्हाळाभर फर्गल तिथे चरात उतरून पाईप जोडत होता. येणारे जाणारे थांबून बघायचे. तो मान वर करून “नमस्कार” म्हणायचा. इमेल्डाच्या घरी आता पाणी तुंबत नाही.

वाल्देकचं पोलंडहून कार्ड आलं होतं, नव्या बाळाचा फोटो घालून. फर्गलने ते खिशात ठेवलंय.

आज दुपारी तो एकटाच माझ्याकडे आला. टोपी काढून टेबलाशी बसला आणि म्हणाला, “आजचा दिवस वाईट आहे, ऊना. फार वाईट.”

माझ्या तोंडाशी दहा गोष्टी आल्या. डॉक्टर काय म्हणाले ते, फिडेल्माचं, मुलींचं, पुढच्या महिन्याच्या कामांचं. मी त्या गिळल्या. किटली चुलीवर ठेवली, खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले आणि म्हटलं, सांग.

तो खिडकीबाहेर अंधार पडेपर्यंत बोलत होता. काय बोलला ते मी इथे लिहिणार नाही. मी मध्ये बोलले नाही. किटली दोनदा उकळून गार झाली. मग त्याने स्वतःच उठून दिवा लावला आणि विचारलं, खायला काही आहे का?